उभ्या जेट-स्कीच्या कसरतींसाठी राखीव पाणी द्यावे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

किनाऱ्यांवरील जलक्रीडांविषयी आपल्या दैनिकात वाचकांची पत्रे अधूनमधून प्रसिद्ध होतात आणि त्यांतील बहुतेकांचा रोख पर्यटकांना फिरवून आणणाऱ्या, बसून चालवायच्या वॉटर स्कूटरींवर असतो. मला लिहायचे आहे ते उभ्याने चालवायच्या जेट-स्कीविषयी आणि तिच्यावर हवेत उड्या, गिरक्या व कोलांट्या शिकू पाहणाऱ्या आपल्याकडच्या तरुणांविषयी. मी गोव्यात बेती येथे बोटींची आणि वॉटर स्कूटरींची इंजिने दुरुस्त करतो, त्यामुळे ही मुले आणि त्यांची यंत्रे या दोहोंशी माझा नित्याचा संबंध येतो. माझी मागणी अशी की, या मुलांना सरावासाठी सरकारने राखीव पाणी आणि शिकवणारी माणसे द्यावीत, आणि मांडवी नदीत फेरीबोटींच्या लाटांवर हल्ली जो सराव चालतो तो आजपासूनच थांबवावा.

ज्यांनी हे यंत्र जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. उभ्या जेट-स्कीला बैठक नसते. मागच्या बाजूला उघडा, सपाट हौदा असतो, त्यात उभे राहायचे. पुढे बिजागरीवर वर-खाली होणारा दांडा असतो, त्याला सगळे हँडलपोल म्हणतात, आणि त्याच्या टोकाला गॅसचे, म्हणजे इंजिनाचा वेग कमी-जास्त करायचे, हँडल असते. बोटीसारखा उघडा पंखा तिला नाही. तळाच्या जाळीतून पाणी आत ओढून इंपेलर, म्हणजे पंपातला बंदिस्त पंखा, ते मागच्या नळीतून जोराने फेकतो आणि त्या धारेवर यंत्र पुढे जाते. वळणेही त्याच धारेच्या बळावर होते, त्यामुळे गॅस सोडला की हँडल कितीही फिरवले तरी यंत्र सरळच जात राहते. समोर काही दिसले की नवशिका घाबरून गॅस सोडतो, आणि टक्कर नेमकी त्यामुळेच होते.

अमेरिकेतील मोटोक्रॉसपटू क्लेटन जेकबसन यांच्या कल्पनेवरून कावासाकी कंपनीने १९७० च्या दशकाच्या आरंभी हे यंत्र बाजारात आणले. जेट-स्की हे नावही मुळात त्याच कंपनीच्या मालकीचे. यामाहाची सुपरजेट १९९० साली आली, २०२० पर्यंत ती टू-स्ट्रोक इंजिनावर चालत होती आणि २०२१ पासून तिला फोर-स्ट्रोक इंजिन बसवले जाऊ लागले. जगभर हवेतल्या कसरती शिकणाऱ्यांचा मोठा वर्ग ७०१ सीसीच्या टू-स्ट्रोक सुपरजेटवर घडला, याचे कारण तिचे वजन. ती सुमारे १४० किलोंची आहे. कावासाकीची १५०० सीसीची नवी उभी जेट-स्की २५० किलोंची आहे आणि आपल्या किनाऱ्यांवर पर्यटकांना मिळणाऱ्या बसायच्या स्कूटरी तर तीनशे किलोंच्या आसपास किंवा त्याहूनही जड असतात. बसायची स्कूटर वर्षानुवर्षे चालवलेला कळंगुटचा किंवा बाग्याचा पट्टीचा चालक उभ्या यंत्रावर पहिल्या दिवशी पुन्हापुन्हा पाण्यात पडतो, त्यात नवल काही नाही. उभे यंत्र वेग घेईपर्यंत स्वतःचा तोल धरत नाही. तो तोल स्वाराच्या पायांनी आणि कमरेने द्यावा लागतो.

आता कसरतींकडे येतो. या खेळाच्या दोन शाखा आहेत आणि आपल्या मुलांची गफलत येथूनच सुरू होते. पहिली शाखा समुद्राच्या फुटत्या लाटांवरची. लाटेच्या चढावावर काटकोनात यंत्र घालायचे, माथ्यावरून ते उधळू द्यायचे आणि हवेत असताना कोलांटी पुरी करायची. येथे उचलण्याचे अर्धे काम लाट करते. दुसरी शाखा सपाट पाण्यावरची, जिच्या जागतिक स्पर्धा अमेरिकेत ॲरिझोनातील लेक हवासू येथे अनेक वर्षे होत आल्या आहेत. येथे लाट नसते, म्हणून उचलण्याचे सगळे काम इंजिनाला आणि स्वाराच्या अंगाला करावे लागते. अशा स्पर्धांतील यंत्रे कारखान्यातून निघालेल्या स्वरूपात नसतात. त्यांचे कवच हलके व आखूड, इंजिन वाढवलेले, पंप मोठा आणि हौद्यात पाय अडकवण्याच्या खोबणी बसवलेल्या असतात. मोबाइलवर जी चित्रफीत पाहून मुले वेडावतात, सपाट पाण्यावरून सरळ वर उठून मागे कोलांटी मारणारी, ती अशा यंत्राची असते. मूळ स्वरूपातल्या सुपरजेटवर सपाट पाण्यात ती कोलांटी मारता येत नाही, आणि हे कोणीही न सांगितल्यामुळे मुलगा आपल्यातच काही कमी आहे असे समजून अधिकाधिक धोका पत्करत जातो.

गोव्याच्या पाण्याचा विचार करा. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत आपला समुद्र बहुतांशी मवाळ असतो. उड्यांना योग्य अशा लाटा उठतात त्या मे महिन्याच्या अखेरीपासून, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत जलक्रीडा बंद, किनाऱ्यांवर लाल बावटे आणि आग्वादचा बार, म्हणजे मांडवीच्या मुखाजवळचा वाळूचा उथळ पट्टा, नौकांना बंद. हा नियम योग्यच आहे. पावसाळ्यातील आपल्या समुद्राचा ओढ ज्याने पाहिला आहे तो त्याला कधी विरोध करणार नाही आणि मीही करत नाही. मग ज्याचे इंजिन लहान आणि ज्याला लाट हवी, असा मुलगा डिसेंबर-जानेवारीत लाट कोठून आणणार? तो ती मोठ्या बोटीच्या मागे शोधतो. पणजी-बेती फेरीबोट आणि मांडवीत संध्याकाळी फिरणाऱ्या क्रूझ बोटी आपल्या मागे जी लाट सोडतात, तीच या मुलांची उडी घेण्याची पायरी झाली आहे.

हे मी बेतीच्या धक्क्यावरून पाहत आलो आहे. फेरीबोट पणजीच्या दिशेने निघते, तिच्यामागून एखादे उभे यंत्र तिरके येते, लाट चढते, माथ्यावरून सुटते, क्षणभर त्याचा तळ पूर्ण दिसतो, आणि ते पलीकडे कोसळते. फेरीवरचे लोक मोबाइल काढतात, शिट्या वाजवतात. ज्या पाण्यात ते यंत्र पडते त्याच पाण्यात होडी वल्हवत माणसे जाळी टाकायला निघालेली असतात. पडलेला मुलगा वर येऊन यंत्राकडे पोहू लागतो तेव्हा दुसऱ्या बाजूने येणाऱ्या बोटीला त्याचे फक्त डोके दिसते, आणि मावळत्या उन्हाच्या तिरिपेत तेही दिसेलच असे नाही.

त्या उडीत नेमके काय घडते, ते इंजिनाच्या बाजूने सांगतो, कारण ते मला अधिक कळते. यंत्र पाण्यात असते तोवर पंप पाणी ढकलत असतो आणि त्या भारामुळे इंजिनाचे फेरे आवाक्यात राहतात. यंत्र हवेत गेले की पंपात पाणी नसते, भार एकदम नाहीसा होतो आणि गॅस तसाच दाबलेला असल्यास फेरे भलतेच चढतात. तो चिरका आवाज धक्क्यावर स्पष्ट ऐकू येतो. जाणता स्वार हवेत गॅस सोडतो आणि तळ पाण्याला लागल्यावरच पुन्हा देतो. नवशिका मात्र भीतीने मूठ आवळून ठेवतो, म्हणजे गॅस पूर्ण उघडा ठेवूनच खाली येतो, आणि बेफाम फिरणाऱ्या पंपावर पाण्याचा भार अचानक येऊन बसतो. त्या एका दणक्यात इंजिन आणि पंपाचा दांडा जोडणाऱ्या कपलरमधले रबर चिरडते. कपलर उघडून पाहिला की मालकाने न सांगितलेला सराव मला दिसतो.

यंत्र उलटे झाल्यावर काय करावे, याकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो, कारण कसरती शिकताना ते सतत उलटे होणारच. प्रत्येक उभ्या जेट-स्कीच्या मागच्या बाजूस बाणाचे चित्र असलेली पट्टी चिकटवलेली असते. उलटे झालेले यंत्र त्या बाणाच्या दिशेनेच सुलटे करायचे असते. विरुद्ध दिशेने फिरवल्यास धुराच्या नळीत साचलेले पाणी सिलिंडरमध्ये उतरू शकते. जुन्या, हातोहात आलेल्या यंत्रांवरची ही पट्टी बहुधा उन्हाने गेलेली असते आणि विकणारा त्याविषयी चकार शब्द काढत नाही. पाणी शिरलेल्या इंजिनाचा स्टार्टर दाबत राहिले तर पाणी दाबले जात नसल्यामुळे कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, वाकतो. म्हणून आधी दोन्ही प्लग काढायचे, मग स्टार्टर देऊन पाणी बाहेर उडवायचे, प्लग कोरडे करून बसवायचे, तेल सोडायचे आणि त्याच दिवशी इंजिन चालवून तापवायचे. गेल्या हंगामात शनिवारी बुडालेले एक यंत्र माझ्याकडे मंगळवारी आले. प्लग काढून स्टार्टर दिला तेव्हा तेल आणि खारे पाणी यांचे दुधासारखे पांढरे मिश्रण फवाऱ्याने वर आले, आणि क्रँक उघडला तर बेअरिंगांवर गंज धरलेला. त्याच दिवशी अर्ध्या तासाचे काम झाले असते, तर त्या घराचे बरेच पैसे वाचले असते. त्या मुलाला हे कोणी सांगितलेच नव्हते आणि सांगणार तरी कोण, हाच माझ्या पत्राचा प्रश्न आहे.

शिकण्याला एक क्रम आहे आणि तो मोडून कोणी पुढे गेल्याचे मी पाहिलेले नाही. प्रथम गुडघ्यांवर चालवणे, मग उभ्याने, मग अगदी कमी वेगात उभ्याने, कारण वेगात तोल सापडणे सोपे आणि हळू चालवताना अवघड. खोल पाण्यात पोहत राहून, हौद्यावर छाती टेकून, गॅस देत पुन्हा उभे राहता आले पाहिजे, थकल्यावरही. त्यानंतर पायांनी यंत्र दाबून उसळवणे, ज्याला मुले हॉप म्हणतात, शेपूट पाण्यात दाबून नाक आकाशाकडे करून उभे ठेवणे, आणि सबमरीन. या सबमरीनला मी सर्वांत अधिक महत्त्व देतो. नाक खाली दाबून यंत्रासकट पाण्याखाली जायचे आणि गॅस न सोडता पुढे बाहेर यायचे, अशी ही कसरत. पाण्याखाली गेलेले कवच स्वतःच्या तरंगण्याच्या जोराने वर उसळते आणि शिकणाऱ्याला हवेत जाण्याचा पहिला अनुभव लाटेवाचून, कमी उंचीवर आणि नाक पुढे ठेवून मिळतो. श्वास कधी धरावा, गॅस कधी द्यावा, डोळे उघडल्यावर क्षितिज कोठे शोधावे, हे सगळे तेथे कळते. सबमरीन आणि हॉप पक्के झाल्यावाचून बॅरल रोलच्या, म्हणजे यंत्रासह आडव्या गिरकीच्या वाटेला जाऊ नये, आणि बॅकफ्लिप, म्हणजे मागची कोलांटी, त्यानंतर. आपल्याकडे क्रम उलटा चालतो. उभे राहता येऊ लागले की लगेच फेरीची लाट.

या क्रमात आणखी एक धडा आहे, जो चित्रफितींत कधी दिसत नाही: यंत्र सोडून देण्याचा. गिरकी अर्धवट राहणार हे हवेतच कळते, आणि त्या क्षणी हँडल दूर ढकलून, पाय खोबणीतून काढून, बाजूला पडता आले पाहिजे. जो शेवटपर्यंत हँडल धरून राहतो त्याच्या अंगावर १४० किलो येतात, किंवा खाली आदळताना वर उसळलेला हँडलपोल हनुवटीवर बसतो. हनुवटीला टाके पडलेली मुले माझ्या दुकानात येतात तेव्हा काय झाले हे विचारावे लागत नाही. पायाच्या खोबणी फार सैल असल्या तर स्वार हवेतच यंत्रापासून सुटतो आणि फार घट्ट असल्या तर पडताना घोटा अडकून मुरगळतो. त्या स्वाराच्या पायाच्या मापाने बसवून घ्याव्या लागतात.

हेल्मेट, मार सोसणारे जाकीट आणि घोट्याला आधार देणारे बूट यांविषयी फार लिहीत नाही, कारण ते सर्वांना ठाऊक आहे, वापरत नाहीत इतकेच. पण एका गोष्टीचा उल्लेख संकोच बाजूला ठेवून केला पाहिजे. मागे पडणारा माणूस पंपाच्या धारेसमोर आला तर त्या दाबाने शरीराच्या खालच्या भागातून पाणी आत शिरून आतड्यांना गंभीर इजा होऊ शकते. उत्पादक कंपन्या आपल्या सूचनापट्ट्यांवर वेटसूटची जाड विजार घालण्यास सांगतात ती याचसाठी. उकाड्याचे कारण सांगून आमची मुले साध्या अर्ध्या चड्डीवर उतरतात. तीच गत मनगटाला बांधायच्या सुरक्षा दोरीची, जी ओढली गेली की इंजिन बंद होते. जुन्या यंत्रांवरून स्वार पडला की ती मंद गतीने गोल फिरत राहत आणि स्वार पोहून त्यांना गाठत असे. आजच्या वाढवलेल्या इंजिनांवर त्या भरवशावर राहणे घातक आहे.

या सगळ्यावर बंदी हा उपाय आहे असे म्हणणाऱ्यांविषयी मला आदर आहे, पण त्यांच्याशी मी सहमत नाही. ही मुले व्यसनात किंवा जुगारात गुंतलेली नाहीत. पहाटे उठून, स्वतःच्या कमाईतून सुटे भाग मागवून, अंग मोडेपर्यंत एखादी गोष्ट शिकणारी ती मुले आहेत, आणि त्यांच्यातील बहुतेक हंगामात किनाऱ्यावर राबून घराला हातभार लावतात. २०१८ च्या जकार्ता येथील आशियाई क्रीडा स्पर्धांत जेट-स्कीच्या शर्यती होत्या आणि त्यांत उभ्या यंत्रांचा स्वतंत्र प्रकार होता. थायलंडने पट्टायाच्या किनाऱ्यावर या खेळाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा वर्षानुवर्षे भरवल्या. आपल्या गोव्याच्या कात्या कुएल्यो हिने विंडसर्फिंगमध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर नाव कमावले, ते याच पाण्यावर शिकून. मग या मुलांच्या वाट्याला फेरीबोटीची लाट का यावी?

शिकवण्याची यंत्रणा शून्यातून उभारण्याची गरज नाही. राष्ट्रीय जलक्रीडा संस्था १९९० पासून गोव्यात आहे, ती जीवरक्षणाचे आणि यांत्रिक नौका चालवण्याचे प्रशिक्षण देते, आणि तिच्या नव्या संकुलाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते फेब्रुवारी २०२४ मध्ये झाले. उभ्या जेट-स्कीचा, वर सांगितलेल्या क्रमाने जाणारा अभ्यासक्रम या संस्थेने आखावा. पहिला टप्पा पार केल्यावाचून कोणालाही राखीव पाण्यात उडीचा सराव करू देऊ नये आणि त्या पहिल्या टप्प्यात यंत्र सुलटे करणे, पाणी शिरलेले इंजिन वाचवणे आणि सोडून पडणे हे विषय सक्तीचे असावेत. इंजिनाचा भाग शिकवायला मी आणि माझ्यासारखे इतर कारागीर विनामोबदला येऊ.

पाण्याची जागा ठरवणे हे बंदर कप्तान खात्याचे काम आहे, तरी काही गोष्टी सुचवतो. ओहोटीच्या वेळीही तळ दोन पुरुषांहून खाली असावा. मांडवी आणि शापोरा यांच्या मुखाशी असणारे वाळूचे पट्टे कटाक्षाने टाळावेत, कारण छातीभर पाण्यात डोक्यावर पडलेल्याची मान वाचत नाही. सीमा पिवळ्या बोयांनी आखलेली असावी आणि फेरीचा मार्ग तिच्यापासून दूर असावा. लाट हवी म्हणून एकच निश्चित बोट आणि तिच्यावर प्रशिक्षित चालक ठेवावा, म्हणजे लाट कधी आणि कोणत्या दिशेने येणार हे सर्वांना ठाऊक असेल. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग येथे कासवे अंडी घालायला येतात, तेथे हा विषयच काढू नये. साळावलीसारख्या धरणाचे शांत पाणी काहींना मोहात पाडते, पण टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर तेलही जळते आणि त्यातले काही धुरावाटे पाण्यात उतरते. लोक जे पाणी पितात त्यात असे यंत्र घालता कामा नये.

किनाऱ्यावरून जाळे ओढणारे रापणकार आणि नदीतले मच्छीमार यांना विचारल्याशिवाय कोणतीही जागा ठरवू नये. नावशीच्या मरीना, म्हणजे हौशी नौकांच्या तळाच्या, प्रकल्पाला झुआरीच्या मच्छीमारांनी जो विरोध केला, त्यामागे आपल्याला न विचारता पाणी वाटले जाते ही वेदना होती, आणि ती खरी आहे. माझे स्वतःचे निम्मे गिऱ्हाईक मासेमारी करणारे आहे. त्यांच्याशी बोलल्यावर माझा अनुभव असा की, जाळी कोणत्या वेळी कोठे असतात हे ते मोकळेपणाने सांगतात आणि ठरलेल्या वेळेला, ठरलेल्या जागी सराव होणार असेल तर त्यांची हरकत नसते. त्यांना त्रास होतो तो बेभरवशाच्या वेळी कोठूनही येणाऱ्या यंत्रांचा. सकाळी जाळी ओढून झाल्यावर दोन तास आणि तेही आठवड्यातून ठरावीक दिवशी एवढी मुभा मिळाली तरी शिकणाऱ्यांना पुरेशी आहे, कारण उभ्या यंत्रावर कसरती करणाऱ्याचे हातपाय त्याहून अधिक वेळ साथ देतच नाहीत.

पालकांना एक विनंती. मुलगा मोठ्या इंजिनासाठी पैसे मागू लागला तर आधी त्याला मूळ यंत्रावर सबमरीन करून दाखवायला सांगावे आणि ती जमत नसेल तर ते पैसे हेल्मेट, जाकीट आणि प्रशिक्षणावर खर्च करावेत.

हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो. पर्यटन खाते, बंदर कप्तान खाते आणि राष्ट्रीय जलक्रीडा संस्था यांनी पावसाळ्याच्या बंद महिन्यांतच मच्छीमारांसह एकत्र बसून जागा व वेळा ठरवल्या, तर बोये टाकण्यास पुरेसा अवधी मिळेल. तोपर्यंत फेरीमार्गाच्या दोन्ही अंगांना उड्यांचा सराव करणाऱ्यांवर पोलिसांनी कारवाई करावी आणि ती करताना यंत्र जप्त करून उन्हापावसात सडत न ठेवता, पालकांना बोलावून समज द्यावी, अशी माझी आपल्या दैनिकामार्फत सरकारला नम्र विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक इंजिन कारागीर,
बेती, बार्देश